चालणं झालं, पण उठबस? उतारवयातल्या स्नायूंची गोष्ट

हा आपल्या भागाचा लिखित उतारा. बोलताना शंभर वेळा आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ कापलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. तुम्ही ऐकणारे बहुतेक पंचवीस ते चाळीसमधले, आणि विषय मात्र तुमच्या आई-बाबांचा, आजी-आजोबांचा, सासू-सासऱ्यांचा आहे. त्यामुळे वाचून झाल्यावर हे घरात बोलावं लागेल, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात एका वाक्यापासून करू. भिवंडीत कुठल्याही घरात व्यायामाचा विषय काढलात की वयस्कर माणसाकडून हे ऐकायला मिळतं: “आयुष्यभर मेहनत केलीय, आता कसला व्यायाम?”

आणि ते खरंच असतं. ज्यांनी लूमवर काम केलंय ते बारा-बारा तास उभे राहिलेत, चार-सहा लूमच्या मधून फिरत, तुटलेला धागा जोडत, धोट्यातली कांडी बदलत. घरी बसून कांड्या भरणाऱ्या बायकांचे हात दिवसभर चाललेत. आणि शहराबाहेर तालुक्यात गेलात तर आगरी, कुणबी, कोळी घरांतल्या आज्यांनी गुडघाभर चिखलात भात लावलाय, पेंढ्यांचे भारे डोक्यावरून वाहिलेत. अशा माणसाला आपण यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवून “हात वर करा, खाली करा” सांगायला लागलो तर त्यांना हसू येणारच.

अडचण एकच आहे. स्नायू मागच्या चाळीस वर्षांचा हिशोब ठेवत नाहीत, मागच्या काही महिन्यांचा ठेवतात. लूमवरचं काम सुटलं, शेतजमिनीवर गोदाम उभं राहिलं आणि महिन्याला भाडं यायला लागलं, सून आली आणि हंडा उचलायचं काम गेलं. हे सगळं आयुष्य सुखाचं होत जाण्याचंच लक्षण आहे, त्यात तक्रार काहीच नाही. पण मांडीच्या स्नायूला एवढंच कळतं की आपल्यावर वजन येणं बंद झालंय. मी ज्या धंद्यात आहे तिथे क्लाउडवरचे सर्व्हर असेच चालतात. लोड कमी झाला की सिस्टीम जास्तीचे सर्व्हर स्वतःहून बंद करते, कारण चालू ठेवायला पैसे लागतात. शरीरालाही स्नायू सांभाळणं महाग पडतं. वापर नसेल तर ते काढून घेतं.

मांसाचं दारिद्र्य

वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होत जाण्याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले आहारशास्त्राचे संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हे नाव सुचवलं. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे दारिद्र्य. नाव देण्यामागचा त्यांचा मुद्दा साधा होता: या गोष्टीला नाव नाही म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. तोपर्यंत डॉक्टरसुद्धा ‘वय झालंय’ म्हणून सोडून देत. अमेरिकेच्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र कोड मिळायला २०१६ उजाडलं. आपल्याकडे आजही फाइलवर शुगर असते, बीपी असतो, गुडघ्याचा एक्स-रे असतो, पण मांडीत किती जोर उरलाय हे कुठेच लिहिलेलं नसतं.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. सत्तरीत स्नायूंचं आकारमान वर्षाला साधारण एक टक्क्याने घटतं, पण ताकद त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने जाते. हा फरक का? कारण बिघाड फक्त स्नायूत होत नाही, वायरिंगमध्येही होतो. मणक्यातून निघणारी एक नस स्नायूतल्या अनेक तंतूंना हुकूम देते. वयाबरोबर यातल्या काही नसा मरतात आणि त्यांचे तंतू अनाथ होतात. शेजारची नस त्यातल्या काहींना दत्तक घेते, उरलेले वाळून जातात. सगळ्यात जास्त फटका बसतो तो झटक्यात काम करणाऱ्या तंतूंना. चालताना पाय अडखळला तर दुसरा पाय पटकन पुढे टाकणारे तंतू हेच. म्हणून वयस्कर माणूस पडतो तेव्हा बरेचदा तो ‘घसरला’ एवढंच सांगितलं जातं, पण त्याला सावरता आलं नाही हा अर्धा भाग सांगायचा राहतो.

दुसरं एक कारण जेवणाशी जोडलेलं आहे. तरुण शरीराला एका जेवणात थोडी प्रथिनं मिळाली तरी स्नायू बांधायचं काम सुरू होतं. म्हातारपणी तेच काम सुरू व्हायला जास्त माल लागतो. तरुणाला एका वेळी शरीराच्या दर किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, वयस्कर माणसाला ०.४ ग्रॅम लागतात. आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं. वय वाढलं की ताट हलकं होत जातं.

वजनकाटा खोटं बोलतो

“पण माझं वजन तर वीस वर्षं तेवढंच आहे!” हे दुसरं हमखास वाक्य. यासाठी पुण्याला जावं लागेल.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच: २२.३. दोघंही कागदावर ‘नॉर्मल’. पण स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांची आडनावं वायवरून, म्हणून याला वाय-वाय पॅराडॉक्स नाव पडलं. मला हा फोटो फार आवडतो, कारण स्वतःचं पोट जगासमोर ठेवून मुद्दा सिद्ध करणारे डॉक्टर कमी असतात.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदच्या दशकात गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यात दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण ही कमी सगळीकडे सारखी नसते. स्नायू कमी असतात, चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. बारीक दिसणारी पण आतून चरबीची. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचा स्नायूंचा गल्ला जन्मापासूनच लहान. त्यातून दर वर्षी थोडं थोडं जात राहिलं तर सत्तरीत किती उरणार, हा विचार करा. वर त्या जागी चरबी भरत गेली तर काटा तोच आकडा दाखवत राहतो आणि आपण खूश.

शुगर असलेल्यांनी इथे कान द्या. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान झालं की माल रस्त्यावर पडून राहतो.

घरच्या घरी तपासा

तीन तपासण्या सांगतो. यंत्र लागत नाही.

पहिली, खुर्चीची. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी. पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या वेगाने. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जी मोजपट्टी ठरवली तिच्यानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सार्कोपेनियाची शंका घ्यायची. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर उत्तर मिळालंच.

दुसरी, पोटरीची. जपानमध्ये ही फार वापरतात. खुर्चीत बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून गोल करा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरा. बोटं जुळली नाहीत तर चांगलं. जुळून वर फट राहिली तर काळजीचं. टेलरची टेप घरी असेल तर अजून बरं: पुरुषाची पोटरी ३४ सेंटीमीटरपेक्षा आणि बाईची ३३ पेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी करायची. पायाला सूज असेल तर मात्र या मापाचा काही उपयोग नाही.

तिसरी, मुठीची. दवाखान्यात यासाठी यंत्र असतं. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली पकड गेली तर ती कमी धरतात. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, त्यात घरोघरी जाऊन ही पकडसुद्धा मोजली होती. हाताची पकड इतकी महत्त्वाची का, तर ती बाकी शरीराची ताकद बऱ्यापैकी सांगून जाते. घरी यंत्र नसतं, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण, ओला टॉवेल पिळणं, कुकरचं झाकण लावणं, हे आईला जड जायला लागलंय का, हे तुम्हाला माहीत असतंच.

मग चालू की रोज एक तास?

इथे मी थोडा वाईटपणा घेणार आहे. सकाळी वऱ्हाळा तलावाच्या बाजूला फिरणारी मंडळी मला मनापासून आवडतात. चालण्याने हृदय चांगलं राहतं, शुगर खाली येते, चार माणसं भेटतात, झोप लागते. कोणीही चालणं सोडू नका. पण चालण्याने मांडीची ताकद फारशी वाढत नाही. सपाट रस्त्यावर चालताना मांडीला आपल्या क्षमतेचा थोडाच भाग वापरावा लागतो. तेवढं वजन तिला रोजचंच असतं, त्यासाठी नवीन स्नायू बांधायची गरज तिला वाटत नाही. लूमवरच्या बारा तासांच्या उभं राहण्याचंही तेच. त्याने दम वाढतो, सहनशक्ती वाढते, जोर वाढतोच असं नाही.

जोर वाढायला लागतं ते जड काम, आणि सवय झाली की आणखी थोडं जड. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे सांगावं लागत नाही. पंधरा बैठकांवरून तो पन्नासवर जातो, हलकं मुद्गल सोडून जड उचलतो. फक्त आपण असं धरून चाललो की हा नियम विशीतल्या पोरांसाठी आहे.

तो समज बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मोडला. १९९० साली मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा जणांना मांडीचा व्यायाम दिला. वय ८६ ते ९६. आठवडे आठ. आणि वजन हलकं नाही: जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. शेवटपर्यंत टिकलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्नायूचा आकार वाढला ९ टक्के. दोन जणांची काठी सुटली.

१७४ आणि ९ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. स्नायू थोडाच वाढला, मग एवढी ताकद आली कुठून? वायरिंगमधून. ज्या नसा झोपल्या होत्या त्या परत हुकूम द्यायला लागल्या. म्हणून पहिल्या महिन्यात हात-पाय जाड झालेले दिसत नाहीत, पण कमोडवरून उठणं सोपं झालेलं जाणवतं. आणि एक कडू आकडा: व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

चार वर्षांनी त्याच गटाने शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, सरासरी वय ८७. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती. नुसतं पेय प्यायलेल्यांना ताकदीत फायदा दिसला नाही. मेडिकलमधून बाबांसाठी महागडा पावडरचा डबा आणून कर्तव्य झालं असं वाटणाऱ्या प्रत्येक मुलाने हे वाचावं.

“तू बस, मी आणते”

आता सगळ्यात अवघड भाग. अवघड अशासाठी की यात कोणी वाईट वागत नाहीये.

अमेरिकेत ६७ वर्षं सरासरी वयाच्या अकरा धडधाकट लोकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. आजार काही नाही, फक्त विश्रांती. हा अभ्यास २००७ साली छापून आला. दहा दिवसांत पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. धडधाकट माणसाचा! मग टायफॉइड, डेंग्यू, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची धास्ती, कमरेची उसण, या सगळ्यात आपण आईला जे तीन-तीन आठवडे पलंगावर ठेवतो त्याचं काय होत असेल? ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, पण आई आधीसारखी उठत नाही. आपण म्हणतो, आजाराने थकली. त्यातला बराच वाटा पलंगाचा असतो.

आणि आजार नसतानाही तेच, फक्त हळूहळू. “आई, तू बस, पाणी मी आणते.” “बाबा, पिशवी द्या इकडे.” “आजी, खाली नको बसूस, खुर्ची घे.” प्रत्येक वाक्यात माया आहे आणि प्रत्येक वाक्यागणिक एक उठबस कमी होते. आपल्या घरांत पूर्वी जमिनीवरून उठणं हा दिवसाचा भागच होता. जेवायला पाटावर, भाजी निवडायला जमिनीवर, पूजा, कपडे धुणं, भारतीय पद्धतीचा संडास. नमाज पढणाऱ्या घरात दिवसाच्या फक्त फर्ज नमाजचे १७ रकात होतात, प्रत्येकात वाकणं आणि जमिनीवर जाणं. मग एका वर्षी प्लास्टिकची खुर्ची येते, डायनिंग टेबल येतं, कमोड बसतो. गुडघे खरंच झिजले असतील तर हे सगळं लागतंच, त्यात वाद नाही. पण खुर्ची आल्यावर ज्या पन्नास उठबशी गेल्या त्या दुसरीकडून भरून काढायला हव्यात, हे कोणी सांगत नाही.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. दहापैकी गुण; हात किंवा गुडघा टेकला की एक गुण कमी. पुढच्या काही वर्षांत ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. जमिनीवरून न उठण्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. उठता येणं ही एक खूण आहे, आत किती शिल्लक आहे त्याची.

आपल्याकडे तर याला अजून एक बाजू आहे. भिवंडीत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती भरपूर. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या मांडीतला जोर गेला की त्याचं जगच तिसऱ्या मजल्याएवढं होतं. मंदिर, मशीद, मंडई, खालचा कट्टा, सगळं बंद. मग तो फक्त दवाखान्यात जायला खाली उतरतो, तेही दोघांनी धरून.

काय करायचं

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी आठवड्याला दीडशे मिनिटं तरी चालण्यासारखी हालचाल सांगते, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोलाचा. आपण पहिलं ऐकतो आणि उरलेली दोन विसरतो.

सगळ्यात आधी खुर्चीवरून उठबस. एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. खुर्ची भिंतीला टेकलेली, पाय खांद्याइतके लांब, पुढे झुकून उभं राहायचं, आणि बसताना धप्पकन बसायचं नाही. मनात तीन आकडे मोजत खाली यायचं. त्या हळू खाली येण्यातच अर्धं काम आहे. उठता येत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा. जमायला लागलं की एक उशी काढा, मग दुसरी. उलट दहा वेळा सहज जमत असेल तर छातीशी दोन किलोची तांदळाची पिशवी धरा, नंतर पाच किलोचा आटा. किती जड हवं याचा नियम असा: दहाव्या वेळी वाटलं पाहिजे की अजून दोन जमतील, जास्त नाही. गप्पा मारत पंधरा होत असतील तर वजन कमी पडतंय. असे दोन-तीन सेट, मध्ये एक-दोन मिनिटं आराम.

छाती-खांद्यासाठी भिंतीवरचे जोर. हाताने दूर ढकलायला जोर लागतो आणि पडताना हात पुढे येतो तेव्हा तो कामाला येतो. भिंतीवर सोपं झालं की किचनचा ओटा. पाठीसाठी आणि पकडीसाठी भाजीची पिशवी: खुर्चीवर एक हात टेकून दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढायची, विहिरीतून पाणी काढल्यासारखी. पोटरीसाठी ओट्याला धरून टाचा वर, हळू खाली. मांडीच्या पुढच्या भागासाठी खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, घोट्याला वजन बांधून. ते वजन विकत आणायची गरज नाही. कापडाच्या लांबट पिशवीत एक किलो वाळू भरून शिवली की झालं, आणि भिवंडीत कापडाचा तुकडा मिळाला नाही असं कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

तोलासाठी वेगळा वेळ काढू नका. दात घासताना बेसिनला एक बोट लावून एका पायावर उभं राहा. चहा उकळेपर्यंत एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून उभं राहा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या ३१७ लोकांवर असा एक प्रयोग झाला, ज्यात व्यायाम घरकामातच मिसळून दिला होता. पडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. आपल्या घरातल्या बायकांना ही पद्धत जास्त पटते असं माझं निरीक्षण आहे. “व्यायाम कर” म्हटलं की नाही म्हणतात, “वरच्या फळीवरचा डबा तूच काढ” म्हटलं की काढतात.

बागेतल्या ओपन जिमबद्दल विचारलं जातं. तिथली बरीच यंत्रं नुसती झुलतात, वजन वाढवायची सोयच नसते. सांधे मोकळे करायला ठीक, ताकदीसाठी उठबसच बरी. योग? तोलासाठी आणि लवचिकतेसाठी उत्तम. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे वापरून म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना आसनं करायची वाट काढून दिली, आणि स्वतः नव्वदीपर्यंत सराव ठेवला. उभं राहून करायची आसनं, गुडघा वाकवून थांबायची आसनं मांडीला चांगलं काम देतात. नुसतं प्राणायाम करून मात्र मांडी भरत नाही.

ताटात काय

साठीच्या पुढे शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या आईला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. आता तिचा दिवस मोजू. सकाळी चहा-बिस्किटं, संध्याकाळी परत चहा: मिळून सहा ग्रॅम. दुपारी दोन चपात्या, भाजी, थोडा भात आणि पातळ वरण: सोळा-सतरा. रात्री “हलकं” म्हणून मऊ खिचडी: दहा-बारा. बेरीज पस्तीसच्या आसपास. अर्ध्याच्या थोडी वर.

भरायचं कसं, तर सकाळच्या चहाबरोबर दोन अंडी, बारा ग्रॅम. अंडी चालत नसतील तर मुगाचं धिरडं आणि वर दही. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, सहा-सात ग्रॅम. दात नसतील तर कूट करून. वरण जरा घट्ट. रात्री वाटीभर उसळ किंवा ग्लासभर दूध. खाणाऱ्यांसाठी सुकट, जवळा, बोंबील आहेतच, फक्त मीठ आणि बीपीकडे लक्ष द्या. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ असतो, त्यातलं जे काही अंगी लागतं ते शेंगदाण्याच्या कुटामुळे. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचंच.

कुठे थांबायचं

छातीत दुखणं, थोडं चाललं तरी धाप, चक्कर, बीपी ताब्यात नसणं, नुकतं झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव झालेला असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग उठबस. जोर लावताना दम रोखायचा नाही; उठताना श्वास सोडायचा, त्यासाठी मोठ्याने आकडे म्हणायला लावा. पहिले काही दिवस मांडी दुखेल, ते चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा गुडघा सुजला तर उंची वाढवा, वजन उतरवा. शुगरमुळे पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी नको. आणि ज्यांना हाताच्या आधारानेही उठता येत नाही किंवा जे गेल्या वर्षभरात दोनदा पडलेत, त्यांना घरच्या प्रयोगाऐवजी फिजिओथेरपिस्टकडे न्या. सुरुवातीची दोन-चार सत्रं समोर बसून शिकलेली बरी.

आठवड्यातून तीन दिवस ठरवा, सोमवार-बुधवार-शुक्रवार धरा, मधला दिवस स्नायूला बांधकामासाठी हवाच असतो. शक्य असेल तर तुम्हीही सोबत करा, समोर दुसरी खुर्ची ठेवून. पहिल्या दिवशी पाच उठबशींना किती सेकंद लागले ते कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा, आठ आठवडे मोजून पुढच्या चौकोनावर खूण करा, आणि त्या दिवशी परत वेळ लावा. खुर्ची तीच घ्या.